नव्या बोर्डाला पहिली वीज: हार्डवेअर टेक्निशियनच्या कामाचा क्रम

कंपनीच्या नव्या उत्पादनाचे पहिले दहा-वीस बोर्ड जुळवून आले की ते थेट हार्डवेअर टेक्निशियनच्या टेबलावर येतात. बोर्ड सुरू करायचा, सुरू होत नसेल तर कारण शोधायचे, दुरुस्त करायचा आणि काय सापडले ते डिझाइन इंजिनिअरला उपयोगी पडेल असे लिहून द्यायचे, हे त्याचे काम. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून आलेल्यांना सोल्डरिंग येते, मल्टिमीटर धरता येतो. अडते ते क्रमावर. बोर्ड चालला नाही की हात आधी सोल्डरिंग आयर्नकडे जातो. दुरुस्तीच्या दुकानात ते एक वेळ चालते, कारण तिथे गिऱ्हाइकाला चालू वस्तू हवी असते. पहिल्या नमुन्यातला बिघाड मात्र डिझाइनचा किंवा जुळवणीचा पुरावा असतो. मोजण्याआधी ती जागा गरम केलीत की पुरावा गेला, आणि तीच चूक पुढच्या हजार बोर्डांत छापून येते.

इथे उदाहरणासाठी १२ व्होल्टवर चालणारा लिनक्सचा गेटवे बोर्ड घेतला आहे. त्यात १२ वरून ५ व्होल्ट, ५ वरून ३.३ आणि १.८, प्रोसेसरच्या कोअरला १.१ आणि डीडीआर३एल मेमरीला १.३५ व्होल्ट बनतात. अशा प्रत्येक व्होल्टेजच्या लाइनीला रेल म्हणतात.

टेबल

ईएसडी मॅट (स्थिर विजेपासून बचाव करणारी) आणि मनगटपट्टा दोन्ही अर्थला जोडलेले हवेत, आणि पट्टा रोज टेस्टरवर तपासायचा. पट्ट्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून ०.२३ मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ नये म्हणून तो असतो. त्यामुळे पट्टा तुटला म्हणून साधी वायर हाताला गुंडाळणे हा जिवाशी खेळ आहे. स्थिर विजेचा चटका माणसाला साधारण ३००० व्होल्टच्या वर जाणवतो. नाजूक चिप त्याच्या कितीतरी आधी मरते किंवा अर्धमेली होते. अर्धमेली चिप जास्त वाईट, कारण ती तुमच्या टेबलावर पास होते आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन बंद पडते.

सॉकेटमधल्या अर्थ पिनवर विश्वास ठेवू नका. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने २३० व्होल्ट दाखवले तरी अर्थिंग चांगले आहे असे ठरत नाही. मीटरचा इनपुट १० मेगाओहमचा असतो, गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. इमारतीच्या इलेक्ट्रिशियनकडून लूप टेस्टरने, म्हणजे अर्थच्या वाटेचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्राने, मोजून घ्या.

गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही, पण बाहेरून आलेला चार्ज अडवत नाही. बोर्ड हलवायचा तर चंदेरी शील्डिंग पिशवीच. काळ्या कंडक्टिव्ह फोमवर आयसी ठेवा, पण घड्याळाचा सेल लावलेला बोर्ड ठेवू नका, सेल उतरतो. थर्माकोल, साधी प्लॅस्टिकची पिशवी, चहाचा कप, सगळे मॅटपासून किमान ३० सेंटिमीटर लांब.

वीज देण्याआधी

स्कीमॅटिक, लेआउट आणि पार्टची यादी बोर्डावर छापलेल्या रिव्हिजनचीच आहे ना, ते आधी बघा. रेव्ह बीचा बोर्ड रेव्ह एच्या स्कीमॅटिकवर तपासण्यात दिवस जातो. प्रत्येक बोर्डाला सिरियल नंबरचे स्टिकर लावा. नंबर नसलेल्या बोर्डावर काम सुरूच करू नये.

मग मायक्रोस्कोप, १० ते ४० पट. सगळ्यात आधी दिशा बघा. इथे नवे लोक हमखास फसतात, कारण पट्टीचा अर्थ पार्टगणिक बदलतो. डायोडवर पट्टी म्हणजे कॅथोड. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीसारख्या कपॅसिटरवर काळी पट्टी म्हणजे निगेटिव्ह. पिवळ्या किंवा काळ्या चौकोनी टँटलमवर पट्टी म्हणजे पॉझिटिव्ह. उलटा बसलेला टँटलम १२ व्होल्टच्या रेलवर जाळासकट फुटतो, म्हणून पहिली वीज देताना गॉगल घाला. आयसीच्या एक नंबर पिनचा ठिपका लेआउटशी जुळवा. यादीत ‘बसवू नये’ असे लिहिलेल्या जागा खरोखर रिकाम्या आहेत का तेही बघा. तिथे चुकून बसलेला शून्य ओहमचा एक रेझिस्टर दोन रेल एकमेकांना जोडू शकतो.

कडेजवळचे सिरॅमिक कपॅसिटर नीट बघा. पॅनेलमधून (अनेक बोर्ड एकत्र असलेल्या मोठ्या तुकड्यातून) बोर्ड हाताने मोडून काढले असतील तर ते वाकताना या कपॅसिटरना आतून तडा जातो. बाहेरून कधी केसाएवढी रेघ दिसते, कधी काहीच दिसत नाही. तडा गेलेला कपॅसिटर आज ठीक मोजतो आणि महिन्याने शॉर्ट होतो.

आता प्रत्येक रेलचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा आणि लिहून ठेवा. प्रोब टेकवल्यावर आकडा चढत जातो, कारण कपॅसिटर चार्ज होत असतात, थांबल्यावर वाचा. प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. कंटिन्युइटीची बीप इथे फसवी आहे. बरेच मीटर ३० ओहमच्या आसपासही वाजतात, आणि मोठ्या प्रोसेसरची कोअर रेल निरोगी असतानाही काही ओहमच, कधी एका ओहमच्याही खाली दाखवते. म्हणून आकडा एकट्याने वाचायचा नाही. तीन बोर्डांवर तीच रेल मोजा. १.१ व्होल्टची रेल तिन्हींवर ६-७ ओहम दाखवत असेल तर तो त्या चिपचा स्वभाव. दोनांवर ६ आणि एकावर ०.४ असेल तर शॉर्ट. प्रोबच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम वजा करायला विसरू नका.

पहिली वीज

१. बोर्ड न जोडता सप्लाय १२.० व्होल्टवर लावा. ओव्हर-व्होल्टेजची मर्यादा असेल तर १३ वर.

२. करंट लिमिट ठरवा. आपला बोर्ड सॉफ्टवेअर न चालवता साधारण ३ वॉट घेतो असे इंजिनिअरने सांगितले असेल, तर १२ व्होल्टवर ते ०.२५ अँपिअर झाले. त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.५ अँपिअर ठेवा. जुन्या सप्लायवर आउटपुट शॉर्ट करून हा आकडा लावावा लागतो.

३. आउटपुट बंद ठेवून बोर्ड जोडा. चालू आउटपुटवर वायर टेकवली तर सप्लायच्या आतला कपॅसिटर आधी रिकामा होतो आणि करंट लिमिट त्यानंतर जागी होते.

४. आउटपुट सुरू करा आणि नजर अँपिअरच्या आकड्यावर ठेवा. इनपुटला ४७० मायक्रोफॅरड असेल तर ०.५ अँपिअरने तो सुमारे ११ मिलिसेकंदांत भरतो, म्हणजे लिमिटचा दिवा क्षणभर लागणे ठीक. लागूनच राहिला तर लगेच बंद करा.

लिमिट फार खाली ठेवण्याची सवय बऱ्याच जणांना असते, जास्त सुरक्षित वाटते म्हणून. त्यातून खोटे बिघाड तयार होतात. स्विचिंग रेग्युलेटर सुरू होताना जास्त करंट मागतो, लिमिटमुळे इनपुट व्होल्टेज खाली येते, रेग्युलेटर स्वतःला बंद करतो, व्होल्टेज पुन्हा चढते, तो पुन्हा सुरू होतो. मीटरवर आकडा नाचतो आणि बोर्डात शॉर्ट आहे असे वाटते. व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवण्याचा जुना सल्लाही या बोर्डांना लागू नाही. तो लिनिअर सप्लायच्या काळातला आहे. स्विचिंग रेग्युलेटर कमी इनपुटवर तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढतो.

दहा सेकंद चालवा, थर्मल कॅमेऱ्याने बोर्ड बघा, बंद करा. मग पुन्हा सुरू करून रेल उतरत्या क्रमाने मोजा: १२, ५, ३.३, १.८, १.३५, १.१. एखादी रेल नाही म्हणजे तिचा रेग्युलेटर गेला असे नाही. आधी त्याचा इनपुट बघा, मग त्याला सुरू करणारी एनेबल पिन, मग त्याला परवानगी देणाऱ्या आधीच्या रेलचा पॉवर-गुड सिग्नल. एकामागून एक सुरू होणाऱ्या रेलमध्ये पहिली अडली की पुढच्या सगळ्या मेलेल्या दिसतात.

ऑसिलोस्कोप

स्कोपच्या प्रोबची मगर-क्लिप थेट मेनच्या अर्थला जोडलेली असते. बोर्ड यूएसबीने डेस्कटॉपला जोडलेला असेल तर त्याचा ग्राउंडही अर्थवर आला. अशा वेळी क्लिप ३.३ व्होल्टवर लावली तर ती रेल अर्थमधून शॉर्ट होते, आणि बहुधा यूएसबी पोर्टसकट जाते. मेनवर चालणाऱ्या सप्लायच्या प्रायमरी बाजूला मोजायचे तर डिफरन्शियल प्रोब हवा. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची युक्ती कुणी शिकवली तर शिकू नका. मग स्कोपची सगळी धातूची बाजू ३२५ व्होल्टवर येऊ शकते.

रिपल, म्हणजे रेलच्या व्होल्टेजवरची बारीक चढउतार, मोजताना लांब क्लिप काढून प्रोबच्या टोकाशी स्प्रिंगचा ग्राउंड लावा, २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा सुरू करा आणि लोडजवळच्या कपॅसिटरवर मोजा. १५ सेंटिमीटरच्या क्लिपने मोजले तर ती वायर अँटेनासारखी वागते आणि नसलेले टोकदार स्पाइक दिसतात. असे स्पाइक ‘रिपल १८० मिलिव्होल्ट’ म्हणून रिपोर्टात जातात आणि इंजिनिअर भुतामागे पळतो.

क्रिस्टलला प्रोब लावताना सांभाळून. दहा-पट प्रोबही १० ते १२ पिकोफॅरड घालतो, आणि क्रिस्टलचे लोड कपॅसिटर बहुधा तेवढेच असतात. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल तर प्रोब लागताच थांबतो. चिपमध्ये क्लॉक-आउट पिन असेल तर तिथे मोजा. प्रोब टेकवल्यावरच क्रिस्टल सुरू होत असेल तर लोड कपॅसिटरचे मूल्य चुकले असण्याची शक्यता मोठी, ते लिहून ठेवा.

सिरियल कन्सोल (बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणारी जोडणी) जोडताना फक्त तीन वायरी: ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) ते आरएक्स (घेणारी), आरएक्स ते टीएक्स. वेग बहुधा ११५२००. अ‍ॅडॅप्टर ३.३ व्होल्टचा आणि प्रोसेसरच्या पिना १.८ च्या असतील तर मध्ये लेव्हल शिफ्टर हवा. आणखी एक त्रास: बोर्डाची वीज बंद केली तरी अ‍ॅडॅप्टरची टीएक्स लाइन चिपच्या संरक्षक डायोडमधून रेलला वीज देत राहते. रेल एक-दीड व्होल्टवर लोंबकळते, चिप पूर्ण रिसेट होत नाही, आणि पुन्हा सुरू केल्यावर बोर्ड उठत नाही. ‘कधी बूट होतो, कधी नाही’ अशी तक्रार आली की आधी कन्सोलची वायर काढून बघा.

एक बिघाड, शेवटपर्यंत

समजा ३.३ व्होल्टच्या जागी २.४९ व्होल्ट मिळतात. पहिला मोह रेग्युलेटर बदलण्याचा. त्याआधी फीडबॅक पिन, म्हणजे रेग्युलेटर आपले आउटपुट जिथून तपासतो ती पिन, मोजा. डेटाशीटप्रमाणे तिथे ०.८० व्होल्ट हवे आणि तेवढेच आहेत, म्हणजे रेग्युलेटर आपले काम करतो आहे, त्याला चुकीचे गुणोत्तर दिले गेले आहे. ते गुणोत्तर दोन रेझिस्टर ठरवतात: वरचा (आउटपुट ते फीडबॅक पिन) ३१.६ किलोओहम, खालचा (फीडबॅक पिन ते ग्राउंड, बोर्डावर आर४६) १० किलोओहम, तर आउटपुट ०.८ × (१ + ३.१६) = ३.३३ व्होल्ट. २.४९ येण्यासाठी खालचा १५ किलोओहम असायला हवा.

वीज बंद करून बोर्डावरच मोजले तर मीटर १०.२ किलोओहम दाखवेल, आणि ‘बरोबर आहे की’ म्हणून तुम्ही पुढे जाल. सापळा इथे आहे. खालच्या रेझिस्टरला समांतर वरचा ३१.६ आणि रेलचा काहीशे ओहमचा रस्ता आहे; १५ ला ३१.९ समांतर म्हणजे १०.२. खरा १० किलोओहम असलेल्या चांगल्या बोर्डावर त्याच जागी ७.६ दिसेल. ०४०२ मापाच्या, म्हणजे १ × ०.५ मिलिमीटरच्या रेझिस्टरवर आकडा छापलेला नसतो, त्यामुळे डोळ्यांनी कळणार नाही. चांगल्या बोर्डाशी तुलना करा, मगच एक टोक उचलून मोजा. नंतर उरलेल्या बोर्डांवरही तीच जागा मोजा. सगळ्यांवर चूक असेल तर मशीनला चुकीची रीळ लागली होती किंवा यादीच चुकली आहे. त्यातले काय, हे सांगता आले तर तुमचे काम झाले.

शॉर्ट असेल तर क्रम वेगळा. एका रेलवर साठ-सत्तर कपॅसिटर समांतर असतात. एकेक काढत बसू नका. सप्लाय १ व्होल्ट आणि १ अँपिअरवर लावून त्याच रेलला वीज द्या. व्होल्टेज रेलच्या नेहमीच्या आकड्याखालीच ठेवायचे, कोअरला ०.५ पुरे. ०.४ ओहमच्या शॉर्टमध्ये ०.४ वॉट जिरते आणि थर्मल कॅमेऱ्यात तो पार्ट लगेच उजळतो. कॅमेरा नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर लावा, जिथे आधी सुकेल तिथे बघा. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा आयर्न आणि हॉट एअर बंद. शॉर्ट इतका पक्का असेल की उष्णताच निघत नाही, तर मिलिव्होल्ट मोजा. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा दर चौकोनाला सुमारे अर्धा मिलिओहम असतो, म्हणजे १ अँपिअरला अर्धा मिलिव्होल्ट. काळा प्रोब सप्लायच्या ग्राउंडवर ठेवून लालने रेलवरून चालत जा. सर्वांत कमी आकडा जिथे, शॉर्ट त्याच्या जवळ.

आता आयर्न

बोर्ड कोणत्या सोल्डरचा ते विचारून घ्या. ६३-३७ चे कथील-शिसे १८३ अंशांवर वितळते, बिनशिशाचे सॅक ३०५ हे २१७ ते २२० अंशांवर. युरोपात २००६ पासून शिशावर मर्यादा आहे आणि आपल्या ई-कचरा नियमांतही आहे. म्हणून बिनशिशाच्या बोर्डावर दुरुस्तीलाही तीच तार वापरा. दोन्ही तारा एकाच खणात ठेवू नका, टिपाही वेगळ्या.

टिप ३५० अंश, एका जोडाला दोन-तीन सेकंद. ग्राउंड प्लेनला जोडलेल्या पिनवर सोल्डर वितळत नाही, कारण तांबे उष्णता ओढून नेते. तापमान ४५० करण्याने टिप काळी पडते आणि पॅड उखडतो. उष्णता कमी पडत असते, तापमान नव्हे. रुंद टिप घ्या आणि बोर्ड खालून १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. सिरॅमिक कपॅसिटरला आयर्न थेट टेकवू नका, अचानक तापल्याने तो तडकतो. पॅड तापवा किंवा हॉट एअर वापरा.

पावसाळ्यात एक काळजी जास्त घ्यावी लागते. प्लॅस्टिकच्या आयसी हवेतली ओल शोषतात आणि रिफ्लोच्या (सोल्डर वितळवून पार्ट बसवण्याच्या) उष्णतेत तिची वाफ होऊन चिप आतून फुटते. पाकिटावर ओलाव्याची पातळी ३ लिहिली असेल तर उघडल्यापासून १६८ तास, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैत मुंबई-पुण्यात एसी नसलेल्या खोलीत ही अट पहिल्याच दिवशी मोडते. अशा चिप १२५ अंशांवर बेक कराव्या लागतात, तास चिपच्या जाडीवर ठरतात. रिळीवर असतील तर १२५ ला रीळच वितळेल; उष्णता सहन करणाऱ्या ट्रेमध्ये काढून घ्या. आणि चिप घेताना अधिकृत वितरकाकडूनच. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत केबल, कनेक्टर, हत्यारे खुशाल घ्या. पण नमुन्याच्या बोर्डावर बनावट रेग्युलेटर बसला तर बिघाड डिझाइनचा की चिपचा हे सांगता येत नाही.

नोंद

‘बोर्ड चालत नव्हता, आयसी बदलला, चालू झाला’ ही नोंद नाही. अशी लिहा: ‘बोर्ड ०००७, रेव्ह बी. ३.३ व्होल्ट रेल २.४९. फीडबॅक पिन ०.८०. आर४६ काढून मोजला, १५.० किलोओहम, यादीत १०.०. बोर्ड ०००५ आणि ०००६ वरही तेच, ०००१ ते ०००४ बरोबर. तिन्हींवर आर४६ बदलला, रेल ३.३३. काढलेले रेझिस्टर पिशवीत जोडले.’ यातून पाचव्या बोर्डापासून रीळ बदलली हे इंजिनिअरला न विचारता कळते, आणि जुळवणी करणाऱ्या कंपनीला दाखवायला तिन्ही पार्ट हातात असतात.

पहिल्या खेपेतला एक चालणारा बोर्ड आयर्न न लावता, सगळे रेझिस्टन्स आणि व्होल्टेज मोजून, ‘गोल्डन’ असे स्टिकर लावून कपाटात ठेवा. तो डेमोला कुणालाही द्यायचा नाही, साहेबांनाही नाही. रिव्हिजन बदलली की नव्या रिव्हिजनचा वेगळा.